क्रूझचे पैसे आधीच भरून टाकावेत का? नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली की नाशिकमध्ये उन्हाळ्याच्या सहलींची चौकशी सुरू होते, आणि आता त्यात क्रूझ हमखास असते. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप, सिंगापूरहून तीन-चार रात्री, हात थोडा सैल असेल तर भूमध्य समुद्र किंवा अलास्का. कॉलेज रोड-गंगापूर रोडवरच्या टूर कार्यालयांतून बाहेर पडताना बहुतेकांच्या कानात एकच वाक्य असतं, ‘आज पूर्ण रक्कम भरलीत तर एवढी सूट.’ ती सूट घ्यावी का, याचं उत्तर प्रत्येक घराला वेगळं मिळेल. माझं मत असं, की जागा लवकर धरावी आणि उरलेले पैसे शेवटच्या तारखेच्या आसपास भरावेत. ते का, आणि कोणाला ते लागू पडत नाही, हे पुढच्या उत्तरांत आहे.

बुकिंग लवकर करणं आणि पैसे लवकर भरणं, हे एकच ना?

नाही, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. बुकिंग म्हणजे डिपॉझिट भरून केबिन तुमच्या नावावर करणं. त्यानंतर ‘फायनल पेमेंट’ची एक तारीख ठरलेली असते. मोठ्या परदेशी कंपन्यांकडे ती जहाज सुटण्याच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधी येते, लांबच्या किंवा महागड्या सफरींना १२० दिवस आधीही. मुंबईहून सुटणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या सफरींना ती बरीच जवळ असते.

भाडं सहसा बुकिंगच्या दिवशी ठरतं. हवा तो मजला, बाल्कनी, आजी-आजोबांच्या शेजारची खोली, हे सगळं डिपॉझिटवरच मिळतं. उरलेले दीड-दोन लाख सहा महिने आधी दिले म्हणून ती केबिन आणखी पक्की होत नाही. तेव्हा ‘भाव वाढेल, आजच भरा’ असं कोणी म्हणालं तर एवढंच विचारा: डिपॉझिट भरल्यावरही माझं भाडं वाढू शकतं का? उत्तर ‘नाही’ असेल, तर घाई केबिन धरण्याची आहे, पूर्ण रक्कम देण्याची नाही.

पण आधी भरल्यावर सूट मिळते. ती सोडायची का?

आधी हिशेब करा. समजा, भरायचे दोन लाख रुपये उरले आहेत आणि शेवटची तारीख नऊ महिन्यांवर आहे. हेच पैसे सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत राहिले तर नऊ महिन्यांत सुमारे १०,५०० रुपये व्याज होतं. म्हणजे पाच हजारांच्या सवलतीसाठी आज पूर्ण रक्कम देणारा माणूस तोट्यात आहे. सूट वीस हजार असेल, तर गोष्ट विचार करण्यासारखी होते.

पण मग दुसरा प्रश्न: ही सूट नक्की कशाच्या बदल्यात मिळते? अनेकदा स्वस्त भाडं ‘नॉन-रिफंडेबल’ प्रकारातलं असतं. साध्या भाड्यात शेवटच्या तारखेआधी रद्द केलं तर डिपॉझिटसह बहुतेक पैसे परत येतात. या प्रकारात डिपॉझिट गेलंच, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे तुम्ही मोबदल्यात विचार बदलण्याची मुभा देऊन टाकता. ज्या घरात लग्न ठरायचं आहे, मुलाचा बारावीचा निकाल आणि प्रवेश बाकी आहे किंवा कोणाचं ऑपरेशन टांगणीला आहे, त्या घराला ती मुभा गमावणं वीस हजारांहून महाग पडतं. सगळे निवृत्त आणि ठणठणीत असतील, तारखा बदलण्याचं कारण नसेल, तर मी स्वतः ती सूट घेईन.

शेवटची तारीख उलटल्यावर रद्द केलं तर किती कापतात?

पायऱ्या असतात. आधी भाड्याचा पाव किंवा निम्मा भाग, मग पंचाहत्तर टक्के, आणि शेवटच्या महिन्यात बहुधा पूर्ण. न वापरलेला बंदर-कर मात्र बऱ्याच कंपन्या परत देतात, तो मागून घ्या.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. क्रूझचं भाडं एका केबिनमध्ये दोघं धरून लावलेलं असतं. दोन मैत्रिणी मिळून निघाल्या आणि एकीचं रद्द झालं, तर दुसरीला केबिन एकटीने वापरण्याचं जादा भाडं लागू शकतं, कधीकधी जवळपास दुप्पट. महिला मंडळाच्या किंवा ज्येष्ठ नागरिकांच्या गटाने एकत्र बुकिंग करताना हे आधी लिहून घ्यावं.

आम्ही एजंटकडे पैसे भरले. म्हणजे ते जहाज कंपनीला पोचले ना?

पोचले असतीलच असं नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल, तर हे वाचा.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये पूर्ण तीन लाख दिलेत. एजंटने त्यातून फक्त डिपॉझिट पुढे पाठवलं, कारण कंपनीला उरलेले पैसे फेब्रुवारीपर्यंत नकोच आहेत. मधले चार महिने तुमची रक्कम त्याच्या खात्यात, त्याच्या धंद्यात फिरते. बहुतेक वेळा काही बिघडत नाही आणि तारखेला पैसे भरलेही जातात. पण त्या काळात तो अडचणीत आला, तर कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त डिपॉझिट भरलेले प्रवासी असता, आणि तारीख चुकली की बुकिंग आपोआप रद्द होतं. ‘आत्ताच पूर्ण भरा’ हा आग्रह जहाज कंपनीचा आहे की मधल्या माणसाच्या सोयीचा, हे म्हणूनच समजून घ्यावं लागतं.

यावरचा उपाय सोपा आहे. बुकिंग झालं की कंपनीच्या नावाचं कन्फर्मेशन मागा, एजंटच्या लेटरहेडवरचं नको. त्यात बुकिंग नंबर, केबिन नंबर, आजवर जमा झालेली रक्कम, बाकी रक्कम आणि ती भरण्याची तारीख असते. तो नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर स्वतः खात्री करा. चांगला एजंट यावर रागावत नाही. नाशिकमध्ये वर्षानुवर्षं नीट काम करणारे एजंट आहेत, आणि व्हिसा-विमान-हॉटेल एकत्र सांभाळताना त्यांचा खरा उपयोग होतो. त्यांच्याकडे जाऊ नका, असं माझं म्हणणं अजिबात नाही. कागद मागा, एवढंच.

टूर कंपनीच्या ग्रुपबरोबर जात असाल, तर तुमचा करार जहाजाशी नसतो, टूर कंपनीशी असतो. रद्द करण्याचे तिचे नियम वेगळे आणि बहुधा अधिक कडक असतात. जहाज कंपनीच्या संकेतस्थळावरचा तक्ता दाखवून तिथे काही मिळत नाही.

जहाज कंपनीच बंद पडली तर?

हे आपल्या मुंबईतच घडलं आहे. जलेश क्रूझेस ही कंपनी २०१९ मध्ये ‘कर्णिका’ हे जहाज घेऊन मुंबईहून सुरू झाली. करोनाच्या तडाख्यात २०२० मध्येच ती बंद पडली आणि जहाज भंगारात काढण्यासाठी अलंगला गेलं. सिंगापूरच्या क्रूझमुळे आपल्याकडे ओळखीची झालेली ड्रीम क्रूझेस ज्या गेंटिंग हाँगकाँग कंपनीची होती, ती जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. ‘गेंटिंग ड्रीम’ जहाज नंतर दुसऱ्या नावाच्या कंपनीखाली पुन्हा सुरू झालं. ब्रिटनची थॉमस कुक सप्टेंबर २०१९ मध्ये कोसळली तेव्हा नाशिकमध्येही लोक घाबरले होते, पण भारतातली त्याच नावाची कंपनी वेगळ्या मालकीची होती आणि तिचं काम चालू राहिलं.

ब्रिटनमध्ये विमानासह घेतलेल्या सहलीच्या पैशांना एटीओएल नावाचं संरक्षण असतं, कंपनी बुडाली तरी ग्राहकाला परतावा मिळतो. आपल्याकडे तशी योजना नाही. प्रवास विम्यातही कंपनी बुडण्याचा धोका सहसा धरलेला नसतो. तेव्हा मोठी रक्कम जितके कमी महिने दुसऱ्याकडे राहील, तितकं बरं. कंपनी नवी असेल किंवा तिच्याकडे एकच जहाज असेल, तर मी केवढ्याही सवलतीसाठी पूर्ण रक्कम आधी देणार नाही.

डॉलर वाढत चाललाय. आज भरलं तर तेवढं तरी वाचेल ना?

हा मुद्दा खरा आहे. २०२१ मध्ये डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता, २०२३ मध्ये ८३ च्या घरात गेला. २,५०० डॉलरच्या सफरीला नऊ रुपयांचा फरक म्हणजे २२,५०० रुपये. पण ही वाढ दोन वर्षांतली आहे. पाच-सहा महिन्यांत रुपया किती घसरेल, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

आधी पाहा, तुमचं भाडं रुपयात ठरलंय की डॉलरमध्ये. भारतातल्या एजंटकडून रुपयात कोटेशन घेतलं असेल तर ते कोणत्या दराने, आणि बाकी रक्कम भरताना दर बदलणार का, हे लेखी घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर कार्डाने डॉलरमध्ये भरणार असाल, तर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के वरचा आकार लावते आणि त्यावर जीएसटी. आधी भरून वाचवलेली सूट कधीकधी इथेच संपते.

आधी व्हिसा की आधी पैसे?

युरोपच्या सफरीसाठी शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्याहून आधी नाही. फायनल पेमेंट ९० दिवस आधी असेल, तर मधे तीन महिने मिळतात. डिपॉझिटवर मिळालेलं कन्फर्मेशन जोडून त्याच तीन महिन्यांत अर्ज करायचा, निकाल हातात आला की उरलेले पैसे भरायचे. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळेनाशा होतात आणि बोटांच्या ठशांसाठी नाशिकहून मुंबई-पुणे गाठावं लागतं, म्हणून सहा महिने उघडताच हलायला हवं. व्हिसा यायच्या आधी वर्षभर अगोदर पूर्ण रक्कम देणं मला कधीच पटत नाही. नकार आला तर तो तुमचा धोका असतो, कंपनीचा नाही.

क्रूझमध्ये एक वेगळी अडचण असते. जहाज एका देशातून निघून दुसरीकडे जातं आणि पुन्हा पहिल्या देशात येतं. त्यामुळे बऱ्याचदा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा. नूतनीकरण बाकी असेल तर ते डिपॉझिटच्याही आधी उरका.

आमची द्राक्षबाग आहे. पैसे मार्च-एप्रिलमध्ये येतात. मे महिन्याची क्रूझ धरावी का?

निफाड-दिंडोरीकडून हा प्रश्न नेहमी येतो. १० मे रोजी सुटणाऱ्या जहाजाचे पैसे ९० दिवस आधी भरायचे म्हणजे ९ फेब्रुवारी उजाडते. तेव्हा बहुतेकांचा माल वेलीवरच असतो, आणि अवकाळी पाऊस व गारपिटीची भीती पुढे उभी असते. माल उतरला तरी व्यापाऱ्याकडून पैसे हातात पडेपर्यंत काही आठवडे जातात. कर्ज काढून किंवा पुढच्या छाटणीच्या खर्चाला हात लावून क्रूझचे पैसे भरू नयेत, असं मी कळकळीने सांगेन.

त्याऐवजी जुलैतली सफर बघा. १० जुलैच्या जहाजाची शेवटची तारीख ११ एप्रिलला येते. तोवर हंगामाचं चित्र स्पष्ट झालेलं असतं, आणि ऑक्टोबर छाटणीचा व्याप अजून लांब असतो. अलास्का आणि भूमध्य समुद्राचा हंगाम त्या दिवसांत ऐन भरात असतो. अडचण एकच, जूनमध्ये शाळा सुरू झालेली असते. लहान मुलं असतील तर दिवाळीची सुटी धरावी. तिचे पैसे जुलै-ऑगस्टमध्ये येतात, म्हणजे गेल्या हंगामाच्या कमाईतून.

पूर्ण पैसे भरले आणि नंतर भाव उतरला. आता?

शेवटच्या तारखेआधी भाव उतरला, तर अनेक कंपन्या साध्या भाड्याच्या बुकिंगला नवा भाव लावून देतात. मागावं मात्र लागतं, आपणहून कोणी सांगत नाही. तारखेनंतर पैसे परत मिळण्याची आशा धरू नका. फार तर जहाजावर खर्चायला थोडी रक्कम किंवा वरची केबिन मिळते. जानेवारी ते मार्च हा परदेशी कंपन्यांचा सवलतींचा मोसम असतो. तेव्हा दिवाळीत बुकिंग केलेल्यांनी या महिन्यांत एकदा भाव बघून घ्यावा.

सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. विमा घेतला की आधी भरायला हरकत नाही ना?

विमा घ्याच, पण त्याच्या भरवशावर घाई नको. सहल रद्द झाल्याची भरपाई पॉलिसीत लिहिलेल्या कारणांनाच मिळते: स्वतःचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण, मृत्यू, अशी. ‘आईंना आता नको वाटतंय’ हे त्यात बसत नाही. आधीपासूनचा मधुमेह, हृदयविकार किंवा गुडघ्याचं दुखणं यांतून उद्भवलेलं कारण अनेक पॉलिसी नाकारतात. रद्द होण्याच्या भरपाईची कमाल मर्यादाही पाहा. कधी ती तुमच्या भाड्याच्या निम्मीसुद्धा नसते.

विमा पैसे भरताच घ्यावा. आजार उघड झाल्यावर घेतलेल्या विम्यातून तो आजार वगळलेला असतो.

लग्न नुकतंच झालंय. पुढच्या वर्षीची क्रूझ आत्ताच भरावी?

बहुतेक कंपन्या सफर संपण्याआधी चोविसावा आठवडा लागणाऱ्या गर्भवतीला जहाजावर घेत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, लांबच्या सफरींना ही अट एक वर्षाची असते. चौदा महिन्यांनंतरची तारीख धरणाऱ्या जोडप्याने डिपॉझिट परत मिळणारंच भाडं घ्यावं.

टीसीएस म्हणून जादा रक्कम घेतली. ती गेली का?

नाही, ती तुमच्या पॅनवर जमा होते. भारतातल्या कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं की ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस हा कर आगाऊ घेतला जातो. दर त्यानंतर बदलत गेले, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारा. मुंबई-गोवा सफरीला तो नाही. विवरणपत्र भरताना ही रक्कम तुमच्या करात वळती होते किंवा परत येते. नोकरदारांना ती कार्यालयात कळवून पगारातल्या करकपातीतही धरता येते.

तारीख ठरवताना याचा थोडा उपयोग होतो. शेवटची तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असेल, तर मार्चअखेर भरणं बरं. त्याच वर्षाच्या विवरणपत्रात रक्कम येते आणि वर्षभर थांबावं लागत नाही. थोडं आधी भरण्याचं हे एक चांगलं कारण आहे.

रोख भरलं तर कमी करून देतो म्हणतात.

नको. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि पावतीवर कमी आकडा आला तर पुढे दाद मागायला हाती काही उरत नाही. क्रेडिट कार्डाने भरलं तर सेवा न मिळाल्यास बँकेकडे वाद नोंदवता येतो. कंपनीच्या नावाच्या खात्यात बँकेतून पाठवणंही ठीक. एजंटच्या वैयक्तिक यूपीआय नंबरवर लाखभर रुपये पाठवू नका.

हप्त्यांनी भरलं तर?

बिनव्याजी असेल आणि प्रक्रिया शुल्क नसेल तरच. सहल रद्द झाली तरी कर्जाचे हप्ते चालूच राहतात, ही अट नीट वाचा.

टिप्स, पेयांचं पॅकेज, बंदरावरच्या सहली?

यांचे पैसे आधी भरण्यात फारसा धोका नाही. सफर सुरू होण्याआधी घेतल्या तर त्या अनेकदा स्वस्त पडतात आणि काही दिवस आधीपर्यंत रद्द करता येतात. अमेरिकी जहाजांवर टिप्स माणशी दिवसाला १६ ते २० डॉलरच्या आसपास असतात. चौघांच्या कुटुंबाने त्या बजेटात आधीच धराव्यात. जैन किंवा कांदा-लसणाशिवायचं जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा.

२०२७ ची सफर आत्ता धरावी का? सिंहस्थ आहे.

ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या पर्वण्या आहेत. त्या दिवसांत शहरातून बाहेर पडणं अवघड होईल, घरी पाहुणे असतील, आणि पोलीस, महापालिका, आरोग्य खात्यातल्या मंडळींना रजा मिळणं कठीण. या दोन महिन्यांसाठी पूर्ण रक्कम अडकवू नका. पर्वणीच्या आसपासच्या तारखाच टाळलेल्या उत्तम.

मुंबईला जहाजावर पोचण्याचं काय?

मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, सीएसएमटीपासून अगदी जवळ. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघून दुपारी जहाजावर चढणारे बरेच आहेत. पण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे क्रूझचे पैसे त्याहून आधी भरले तर तेव्हा गाडीचं तिकीट तुमच्या हातात नसतं. कसारा घाटात गाडी अडकली म्हणून जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. परदेशी सफर असेल किंवा बरोबर वयस्कर माणसं असतील, तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. त्या एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च सुरुवातीपासूनच हिशेबात धरा.

पैसे परत द्यायला टाळाटाळ करतात. कुठे जायचं?

आधी ईमेलने लेखी मागणी करा, मुदत द्या. फोनवरच्या आश्वासनांचा पुढे उपयोग होत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. काही प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मोबदला म्हणून भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं, तक्रार ऑनलाइनही दाखल होते आणि वकील लावणं सक्तीचं नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. बरोबर लागतील ते कागद: कंपनीचं कन्फर्मेशन, बुकिंगच्या दिवशीच्या रद्द करण्याच्या अटींची प्रत, बँकेचा उतारा आणि सगळा ईमेल-व्हॉट्सॲप व्यवहार. अटी संकेतस्थळावर बदलत राहतात, म्हणून त्यांची प्रत पैसे भरतानाच काढून ठेवा.